पाइनफोनवर मराठी लिहायचं तर कीबोर्ड कसा असावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: पाइनफोन या लिनक्सच्या फोनवर फॉश हा इंटरफेस (पडद्यावरची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) चालतोय, त्यावर स्क्वीकबोर्ड हा पडद्यावरचा कीबोर्ड आहे. मराठी लिहिता यावं म्हणून तुम्ही संगणकावरचा इनस्क्रिप्ट लेआउट जसाच्या तसा यॅमल फाइलीत (बटणांची मांडणी लिहिण्याची साधी मजकूर फाइल) उतरवला. पण बटणं बारीक झाली, सारखं शेजारचं अक्षर उमटतं, बॅकस्पेस एका ॲपमध्ये नुसती वेलांटी पुसतो तर दुसऱ्यात अख्खं जोडाक्षर. आता लेआउट बदलावा की शब्द सुचवण्याची सोय आणावी, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही करा, पण नंतर. आधी बोटाचा स्पर्श नीट ओळखला जायला हवा, आणि कर्सरच्या डावीकडे काय लिहिलेलं आहे हे कीबोर्डला कळायला हवं. मुक्त प्रणालींच्या फोनवर बहुतेकांची मेहनत बटणांचं चित्र काढण्यात जाते, कारण ते काम यॅमलमध्ये होतं आणि लगेच डोळ्यांना दिसतं. पण लिहिणाऱ्याला जो त्रास होतो तो चित्रामुळे कमी आणि या दोन न दिसणाऱ्या गोष्टींमुळे जास्त होतो. देवनागरीत तर फारच.

मापांपासून सुरुवात करू. पाइनफोनचा पडदा ५.९५ इंची, ७२० × १४४० पिक्सेलचा. त्याची रुंदी साडेसदुसष्ट मिलिमीटरच्या आसपास भरते. इंग्रजीसारखी १० बटणं एका ओळीत बसवली तर प्रत्येकाला पावणेसात मिलिमीटर मिळतात. इनस्क्रिप्टच्या वरच्या ओळीत ौ पासून नुक्त्यापर्यंत १२ बटणं आहेत, म्हणजे प्रत्येकी साडेपाच मिलिमीटर. एका हातात फोन धरून अंगठ्याने वापरताना बटण केवढं असावं, यावर २००६ मध्ये पार्ही, कार्लसन आणि बेडरसन यांनी अभ्यास केला होता. एकेकट्या टॅपसाठी ९.२ आणि लागोपाठच्या टॅपसाठी ९.६ मिलिमीटर पुरेसे, असा त्यांचा निष्कर्ष होता. उभ्या धरलेल्या फोनवर कोणताच पूर्ण कीबोर्ड या मापात बसत नाही. तरीही इंग्रजी कीबोर्ड चालतात, कारण चुकलेला टॅप सावरून घ्यायला मागे शब्दकोश उभा असतो. २००८ च्या निओ फ्रीरनर या मुक्त प्रणालीच्या फोनवर पडदा अवघा २.८ इंची होता, १० बटणांच्या ओळीत एकेका बटणाला सव्वाचार मिलिमीटर. तिथे इल्यूम नावाचा कीबोर्ड टॅपच्या आजूबाजूची अक्षरं धरून शब्द ओळखायचा प्रयत्न करायचा. मराठीत अशा शब्दकोशाचा आधार तोकडा पडतो (का, ते पुढे सांगतो), म्हणून सगळा भार स्पर्शावर येतो.

स्पर्शाचं पहिलं काम सोपं आहे. दोन बटणांमध्ये दिसायला फट असू द्या, पण टॅप झेलायला ती असू नये. कीबोर्डचा प्रत्येक बिंदू कोणत्या ना कोणत्या बटणाचा असला पाहिजे, आणि कडेच्या बटणांची हद्द थेट पडद्याच्या कडेपर्यंत गेली पाहिजे. स्पेसबारची ओळ मात्र फॉशच्या खालच्या पट्टीला चिकटू देऊ नका; दोन-तीन मिलिमीटर जागा सोडली की अंगठा घसरून भलतंच काही उघडण्याचे प्रसंग टळतात.

दुसरं काम थोडं सूक्ष्म. माणूस नेम धरतो तो बोटाच्या दिसणाऱ्या टोकाने, आणि पडद्याला टेकतो त्याखालचा मांसल भाग. त्यामुळे नोंदलेला बिंदू नेम धरलेल्या जागेच्या थोडा खाली पडतो. हिशेबात तो बिंदू एक-दीड मिलिमीटर वर सरकवा, म्हणजे पाइनफोनच्या पडद्यावर १० ते १५ पिक्सेल. किती सरकवायचा हे अंदाजाने ठरवू नका. दहा-बारा ओळी लिहून घ्या, टॅप कुठे कुठे पडले ते कागदावर बटणांच्या चौकटींवर काढा. प्रत्येक बटणाभोवतीचा ठिपक्यांचा पुंजका कुठल्या बाजूला झुकलाय ते लगेच दिसतं.

तिसरं, दोन अंगठ्यांनी भरभर लिहिणाऱ्याचा दुसरा अंगठा पहिला उचलण्याआधीच टेकलेला असतो. अक्षर बोट उचलल्यावर उमटवायचं हे बरोबर, कारण बोट सरकवून चूक सुधारता येते. पण दुसरा स्पर्श येताक्षणी पहिलं अक्षर उमटवून मोकळं व्हा. हा नियम नसेल तर ‘कर’ लिहिताना ‘रक’ उमटतं किंवा एक अक्षर गायब होतं, आणि लिहिणारा समजतो की बटणं लहान आहेत.

दाबून धरण्याची वेळ ३५० ते ४०० मिलिसेकंद ठेवा आणि ती बदलता येऊ द्या. पण ती मोजायची स्पर्शाच्या घटनेसोबत आलेल्या वेळेवरून. वेलँडमध्ये (ॲप आणि पडदा यांच्यातला संवाद सांभाळणारी यंत्रणा) बोट टेकल्याची आणि उचलल्याची वेळ मिलिसेकंदात मिळते. पाइनफोनचा ऑलविनर ए६४ प्रोसेसर जुना आहे, मागे ब्राउझर उघडा असला की कीबोर्डचा प्रोग्रॅम मध्येच अडखळतो. अशा वेळी घड्याळ आपल्या बाजूने मोजलं तर साधा टॅपसुद्धा दाबून धरल्यासारखा दिसतो आणि ‘क’ च्या जागी ‘क्ष’ येतो. त्याच कारणाने बटण दाबल्याचं चिन्ह लगेच दाखवा, पूर्ण कीबोर्ड पुन्हा न रंगवता तेवढंच बटण रंगवा, आणि शब्द शोधण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मुख्य कामाच्या समांतर, टाका.

आता मुख्य मुद्दा. देवनागरीत एकाच स्वराची दोन रूपं असतात: ‘आ’ आणि काना, ‘इ’ आणि वेलांटी. संगणकाच्या इनस्क्रिप्टमध्ये यांतलं एक रूप शिफ्टवर असतं. तिथे शिफ्ट करंगळीने दाबून धरता येतं, फोनवर तो एक वेगळा टॅप होतो. ‘आणि’ हा शब्द बघा. शिफ्ट, आ, शिफ्ट, ण, वेलांटी. तीन चिन्हांना पाच टॅप. ‘शाळा’ ला सहा: शिफ्ट, श, काना, शिफ्ट, ळ, काना. इनस्क्रिप्ट १९८६ चा, पुढे १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणक-मानकात आला. सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी असावी हा त्यामागचा विचार होता आणि टायपिंगच्या कीबोर्डवर तो आजही उत्तम चालतो. पण त्यात ळ, ण, श, ख, झ शिफ्टखाली आहेत, आणि मराठीत ‘पण’, ‘मुळे’, ‘माझं’, ‘शेवटी’ यांच्याशिवाय एक परिच्छेद पुढे सरकत नाही. त्यामुळे उभ्या फोनसाठी मी शिफ्ट पूर्ण काढून टाकतो.

ते जमतं कसं? मराठीची व्यंजनं ‘ळ’ धरून ३४. त्यातली ङ आणि ञ क्वचित लागतात, ती दाबून धरण्यामागे टाकली की उरतात ३२, म्हणजे ८ च्या बरोब्बर चार ओळी. वर्गांचा क्रमही टिकतो:

क ख ग घ च छ ज झ
ट ठ ड ढ त थ द ध
प फ ब भ म न ण ह
य र ल ळ व श ष स

आठ बटणांच्या ओळीत प्रत्येकाला जवळपास साडेआठ मिलिमीटर रुंदी मिळते. साडेपाचवरून साडेआठ हा फरक लिहायला बसलं की पहिल्या ओळीतच जाणवतो. वर स्वरचिन्हांची एक ओळ: ा ि ी ु ू े ो ं. खाली आकडे, पाय मोडण्याचं बटण, स्पेस, पूर्णविराम, बॅकस्पेस, एंटर. एकूण सहा ओळी, प्रत्येकी ७ मिलिमीटर, म्हणजे ४२ मिलिमीटर. पडद्याची उंची १३५ मिलिमीटर आहे, तेव्हा मजकुराला दोन तृतीयांशाहून जास्त जागा राहते. अक्षरांच्या वापराची वारंवारता मोजून याहून वेगवान मांडणी काढता येईल, पण शाळेत ‘क ख ग घ’ घोकलेल्या माणसाला अक्षर शोधावं लागत नाही, आणि कीबोर्ड पहिल्या दिवशी वापरता आला तरच दुसऱ्या दिवशी वापरला जातो. फोन आडवा धरला की मात्र गणित उलटं होतं: रुंदी भरपूर, उंची कमी. तिथे १२ बटणांचं इनस्क्रिप्ट सव्वाअकरा मिलिमीटरच्या बटणांसह ऐसपैस बसतं, आणि ज्यांच्या बोटांत ते बसलंय त्यांना तेच द्या.

स्वरांच्या ओळीचा नियम एवढाच: कर्सरच्या डावीकडचं चिन्ह व्यंजन असेल तर स्वरचिन्हं दाखवायची, नाहीतर पूर्ण स्वर. ओळीच्या सुरुवातीला, जागा सोडल्यावर किंवा दुसऱ्या स्वरानंतर तीच बटणं आ इ ई उ ऊ ए ओ होतात. अनुस्वार जागेवरच राहतो, नाहीतर ‘आंबा’ लिहिता येणार नाही. ‘अ’ कुठे? डावीकडे व्यंजन नसेल तेव्हा पाय मोडायला काही नसतंच, म्हणून त्या वेळी पाय मोडण्याचं बटण ‘अ’ होतं.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते नेहमीच्या शब्दांत आहेत. ‘नऊ’ लिहा. ‘मऊ’ लिहा. व्यंजनानंतर पूर्ण स्वर येतो. म्हणून प्रत्येक स्वराच्या बटणावर दाबून धरलं की त्याचं दुसरं रूप सर्वांत आधी मिळालंच पाहिजे. ही सोय विसरलेले कीबोर्ड मी पाहिलेत. त्यांवर ‘नऊ’ लिहायला आधी जागा सोडायची, ‘ऊ’ लिहायचा, मागे जाऊन जागा पुसायची असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. ऐ आणि औ ही ए आणि ओ च्या मागे, ऑ काना-आ च्या मागे, ऋ उकाराच्या मागे ठेवा.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड याच प्रश्नाला वेगळं उत्तर देतो. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उमलते आणि बोट सरकवून हवं ते अक्षर उचलायचं. नव्याने लिहायला शिकणाऱ्यासाठी मला ही कल्पना अतिशय आवडते, कारण जे निवडाल तेच पूर्ण अक्षर आधी डोळ्यांना दिसतं. तुमच्या कीबोर्डमध्ये ती दुसरा पर्याय म्हणून आणण्याजोगी आहे. फक्त मंद फोनवर ते चक्र बोटाच्या वेगाने उमललं पाहिजे.

आता हे ‘डावीकडचं चिन्ह’ कीबोर्डला कळतं कुठून? यॅमलमध्ये ते लिहिता येत नाही. त्यासाठी स्क्वीकबोर्डच्या कोडला, म्हणजे रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला हात घालावा लागेल. वेलँडच्या इनपुट-मेथड प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत ॲप आपल्या कर्सरभोवतीचा मजकूर कीबोर्डला पाठवतं, कर्सरची जागा बाइटमध्ये सांगतं आणि शेवटी ‘डन’ ही घटना पाठवतं. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, ‘डन’ येईपर्यंत थांबून बटणं बदललीत तर भरभर लिहिणाऱ्याला जुनी बटणं दिसतील. स्वतः काय लिहिलं ते लक्षात ठेवून बटणं ताबडतोब बदला, आणि ‘डन’ आल्यावर गरज पडली तर दुरुस्त करा. दोन, सगळी ॲप्स हा मजकूर पाठवत नाहीत. टर्मिनल आणि एक्सवेलँडमधली (वेलँडच्या आधीच्या यंत्रणेसाठी लिहिलेली) जुनी ॲप्स तर हमखास नाहीत. तिथे शेवटचं लिहिलेलं चिन्ह हीच तुमची माहिती, आणि फोकस बदलला की ती रद्द करून पूर्ण स्वर दाखवायचे. कोड होईपर्यंत यॅमलमध्येच स्वरचिन्हांचा एक आणि पूर्ण स्वरांचा एक असे दोन व्ह्यू (बटणांचे संच) करून काम भागवता येईल.

बॅकस्पेसचा तुमचा त्रास इथूनच येतो. कीबोर्डने बॅकस्पेसचं नुसतं बटण पाठवलं की काय पुसायचं हे प्रत्येक टूलकिट (ॲपच्या खिडक्या आणि रकाने बनवणारा कोडसंच) आपल्या नियमाने ठरवतं. जीटीके हे टूलकिट मराठीत एक चिन्ह पुसतं, दुसरं एखादं अख्खं जोडाक्षर. माझं ठाम मत: कीबोर्डने स्वतः ठरवावं. मजकूर मिळत असेल तर ‘आजूबाजूचा मजकूर पुसा’ ही विनंती पाठवा. तिला अक्षरं नव्हे, बाइट मोजून द्यायचे असतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. ‘की’ ची वेलांटी पुसायला ३. एका बटणाने लिहिलेला ‘क्ष’ लगेच पुसला तर ९, कारण क, पाय आणि ष अशी तीन चिन्हं आहेत आणि लिहिणाऱ्याने मात्र एकच बटण दाबलेलं आहे. नियम असा: नुकत्या दाबलेल्या बटणाने जेवढं लिहिलं तेवढं एका टॅपमध्ये पुसावं, जुना मजकूर असेल तर एकेक चिन्ह. ‘क्य’ झालं आणि ‘क्र’ हवं होतं, तर फक्त ‘य’ जायला हवा. कर्सर डावी-उजवीकडे हलवताना मात्र जोडाक्षराच्या मध्ये थांबू नये. युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम अक्षरगटांच्या व्याख्येत आला आहे, तोच वापरा.

आता मराठीची खास चिन्हं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत: डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र. पहिल्यातला र ‘ऱ’ ने लिहायचा, मग पाय, मग ‘य’. तेच दिसणं ‘र’, पाय आणि अदृश्य जोडचिन्ह देऊनही मिळतं, आणि अनेक कीबोर्ड तसं लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण आत साठवलेली चिन्हं वेगळी. एकाने ‘दुसऱ्या’ असं लिहून ठेवलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर ते सापडत नाही. गावाच्या ग्रंथालयाची यादी असो की घरातल्या हिशेबाची वही, हे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि म्हणूनच ते कीबोर्डने टाळायला हवं. ‘र’ दाबून धरल्यावर ‘ऱ्’ हा पायासकट मिळू द्या, त्यात ‘ऱ’ च वापरा. ‘बँक’ चंही तेच: कोणी चंद्रबिंदूने लिहितं, कोणी अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देऊन. अनुस्वारामागे चंद्रबिंदू ठेवला की लोक आपोआप एका पद्धतीवर येतात. ‘ॲ’ साठी युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र चिन्ह आहे. हिंदीचा ‘ऍ’ देऊ नका. ‘अ’ च्या मागे ‘ॲ’ च ठेवा. ‘ज’ मागे ‘ज्ञ’ आणि मग ‘ञ’, ‘क’ मागे ‘क्ष’ आणि ‘ङ’.

बटणांवरच्या अक्षरांना भाषा मराठी असल्याची खूण लावा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे श आणि ल मराठी वळणाचे दिसतील. गोष्ट लहान, पण कीबोर्ड आपला वाटतो तो अशाने.

ॲप सांगतं की हा रकाना पासवर्डचा, ईमेलचा की फोन नंबरचा. ते ऐका: पहिल्या दोन ठिकाणी रोमन कीबोर्ड आणि इंग्रजी आकडे आपणहून उघडा, पासवर्डमधला एकही शब्द शिकून ठेवू नका.

आणि शब्द सुचवणं. इंग्रजीत शब्दांची यादी पुरते. मराठीत ‘घर’ या एका शब्दाचे घरात, घराला, घराच्या, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनीसुद्धा असे फाटे फुटतात, आणि ते यादीत कधीच मावत नाहीत. सामान्यरूप आणि त्यापुढचे प्रत्यय वेगळे धरणारी रचना लागेल. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रत्ययांचे नियम त्याला बऱ्यापैकी साजेसे आहेत. आधी मूळ शब्द सुचवा, तो निवडला की त्याच पट्टीत प्रत्यय: -त, -ला, -च्या, -साठी, -मध्ये. बरेच टॅप इथेच वाचतात. लिहिलेला शब्द आपणहून बदलणं मात्र बंद ठेवा. यादीत नाही म्हणून वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारणारा’ कीबोर्ड माणसाची बोली त्याच्या हातून काढून घेतो.

तपासायला मी हे वाक्य वापरतो: ‘नऊ वाजता शाळेच्या दुसऱ्या दारात बाळाला घेऊन ज्ञानदा उभी होती, पण बँकेची गाडी ॲम्ब्युलन्समागे अडकली.’ वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी यात आहेत. ते उभ्याने, एका हाताने, चालत्या बसमध्ये लिहून घ्या. एकदा तुमच्याकडून, एकदा साठीच्या पुढच्या माणसाकडून, एकदा फोनवर फक्त रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्या कॉलेजच्या मुलीकडून. वेळ मोजा, बॅकस्पेस किती वेळा दाबला ते मोजा, आणि कोणत्या अक्षरापाशी नजर थांबून शोधू लागली ते शेजारी बसून पाहा. सुरुवात स्पर्शाचा बिंदू वर सरकवण्यापासून करा. तो बदल सर्वांत लहान आहे आणि त्यासाठी लेआउटमधल्या एकाही बटणाला हात लावावा लागत नाही.